विशेष शिक्षिका वर्गात मागे बसून वहीत लिहून निघून जातात, याचा माझ्या मुलाला काय उपयोग?

(प्रश्नाचा तपशील: मुलगा दुसरीत, नाशिकच्या अनुदानित शाळेत. चिडला की मुलांच्या अंगावर धावून जातो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षिका अधूनमधून येतात, पण त्याला वेगळं बसवून शिकवत नाहीत. त्यापेक्षा विशेष शाळेत घालू का?)

मागे बसणारी ती बाई मीच. तुमच्या शाळेतली नव्हे, पण याच कामासाठी नाशिकात बरीच वर्षं शाळोशाळी फिरते आहे. तुमचं वाक्य मी एका शेरेबुकात वाचलंय: "विशेष शिक्षिका वर्गात मागे बसतात. विद्यार्थ्यास शिकवत नाहीत." खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. शाळा सातपूरकडची, नाव कशाला सांगू.

तिथे तिसरीत एक मुलगा होता. वडील कंपनीत शिफ्टला, आई घरी शिलाईकाम करायची. पोरगं डबे भिरकवायचं, शेजारच्याला कडकडून चावायचं. इतर पालकांच्या तक्रारी रोजच्या. मुख्याध्यापक सरांचा हेका एकच, "मॅडम, ट्रेनिंग तुम्ही घेतलंय, तर त्याला घेऊन स्टाफरूममध्ये बसा. बाकीच्या पोरांचं नुकसान नको." मी म्हणायचे, सर, तो चावतो वर्गात, मग मला वर्गातच बसू द्या.

बसले. वहीत तीन रकाने आखले. आधी काय घडलं, मग त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. पहिल्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच नोंद यायला लागली: "फळ्यावरचं उतरवून घ्या." तोंडी गणिताला काही नाही. कवितेला तर स्वतःहून पुढे येऊन उभा. आणि तिसऱ्या रकान्यात दर वेळी "वर्गाबाहेर उभा केला." व्हरांड्यात स्वारी एकदम खूश, शिपाईमामांशी गप्पा, गेटवरच्या रिक्षा मोजणं. शिक्षा कसली, सुटकाच ती, आणि तिची किंमत त्याला पक्की ठाऊक होती: एक चावा. मी त्याला स्टाफरूममध्ये नेलं असतं तर त्याच सुटकेत खुर्ची आणि पंख्याची भर पडली असती. हे सरांना शेवटपर्यंत पटलं नाही.

वर्गशिक्षिका नवीन होती, पण ऐकणारी. दहा ओळींऐवजी दोनच, त्याही कागदावर लिहून त्याच्या बाकावर ठेवलेल्या, कारण फळा बघून मान खाली घालेपर्यंत अक्षरं त्याच्या डोक्यातून निसटायची. शिवाय एक पिवळा पुठ्ठा. जमेनासं झालं की तो दाखवायचा, पाणी पिऊन यायचं, परत बसायचं. सर म्हणाले, "चावऱ्याला बक्षीस?" अहो, बाहेर तो जातच होता. चावून जायचा, आता विचारून जाईल, एवढाच फरक.

आणि मग ते वाढलं. सुरुवातीचे काही दिवस आणखी चावला, आणखी डबे उडाले. हे होतंच. जुनी युक्ती चालेनाशी झाली की मूल ती आणखी जोराने करून बघतं. शाळा नेमकी तेव्हाच हात टेकते, आणि तो शेराही तेव्हाच लिहिला गेला. वर्गशिक्षिका मात्र हटली नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर चावणं थांबलं. डबे अधूनमधून उडायचे, ते उडोत. पुढे सिव्हिलला तपासणी होऊन अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन किंवा गणित अडण्याचं, निदान झालं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ती येते. तोवर शाळेच्या लेखी तो नुसता उनाड होता. शेऱ्याखाली कुणी दुसरा शेरा लिहिला नाही. फलकावर मात्र "समावेशक शिक्षण" सुंदर अक्षरात आलं.

आता तुमचा प्रश्न. साधं गणित करा. विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे १ विशेष शिक्षक हे प्राथमिकचं प्रमाण, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. आपल्या राज्याने २०२४ मध्ये ४,८६० पदं मंजूर केली, म्हणजे साधारण एका केंद्राला, जवळपासच्या शाळांच्या गटाला, एक. एका केंद्रात शाळा किती असतात ते केंद्रप्रमुखांना विचारा. मी महिन्यात एखादा तास तुमच्या मुलाला बाहेर शिकवलं तरी उरलेला सगळा महिना तो वर्गशिक्षिकेपुढेच बसणार. तेव्हा मला खरं शिकवायचं असतं तिला. तुमच्या मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा मागा आणि त्यात वर्गशिक्षिकेने करायचं काय लिहिलंय ते आधी वाचा.

"पदरचे पैसे घालून शॅडो टीचर ठेवा", म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसणारी खासगी मदतनीस, हा सल्ला मला चीड आणतो. आपलं काम पालकांच्या खिशावर ढकलायचं, दुसरं काही नाही. "दाखला घेऊन जा" म्हणाले तर लेखी मागा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. लेखी कुणी देत नाही, असा माझा अनुभव आहे.

विशेष शाळांना माझा विरोध नाही. रजनीताई लिमयांनी १९७७ साली इथे प्रबोधिनी ही विशेष शाळा सुरू केली तेव्हा बौद्धिक अक्षम मुलांना कोण दारात उभं करत होतं? पण ती शाळा त्या मुलांसाठी. अंगावर धावतो एवढ्यावरून मूल तिथलं ठरत नाही. तपासणी झाली की नाही हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

आणि हो, मध्येच शून्यात बघत राहत असेल, फिट येत असेल, डोकं आपटत असेल किंवा येत असलेलं बोलणं बंद झालं असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. कान-डोळे तर कुणाचेही तपासून घ्यावेत. ब्रेल किंवा वाचा उपचार असेल तर मूल वेगळं बसवावंच लागतं, एवढं मी सरांनाही मान्य केलं होतं. आमच्यातही नुसते फॉर्म भरून जाणारे आहेत, नाही असं नाही. तुमच्या मॅडमना वही दाखवायला सांगा. तुमच्या मुलाबद्दल पानं भरलेली असतील तर त्यांच्यासोबत आणि वर्गशिक्षिकेसोबत एकत्र बसा. कोरी निघाली तर गट किंवा शहर साधन केंद्रात (समग्र शिक्षाच्या तालुका किंवा शहर पातळीवरच्या कार्यालयात) खुशाल तक्रार करा, मला राग नाही येणार.