एकाच व्हायोलिनवर दोन संसार

ताई, मी २३ वर्षांचा, मूळचा सांगलीचा, सध्या पुण्यात. नऊ वर्षं गुरुजींकडे गायकी अंगाच्या, म्हणजे गळ्यासारखं गाणाऱ्या, व्हायोलिनची तालीम घेतोय, विशारद झालो. तीन वर्षांपासून भावगीतांच्या कार्यक्रमांत आणि रेकॉर्डिंगला वाजवतो, त्यावर खोलीचं भाडं निघतं. रियाज मात्र तासाभरावर आलाय. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच अर्ध्या तासाचं एकलवादन मिळालं. आदल्या रात्री कार्यक्रमात स्टाफ नोटेशनवर, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या तारांवर वाजवलं होतं. सकाळी तेच व्हायोलिन काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) सा धरून प-सा-प-सां मध्ये लावलं, पण सूर ठरेना. घाबरून विलंबित पाच मिनिटांत उरकलं. गुरुजी म्हणतात, साथ सोड. बाबा म्हणतात, नोकरी धर. हल्ली रात्री डाव्या करंगळीला मुंग्या येतात. काय करू?
– 'पंचम', पुणे

प्रिय पंचम,

साथ एकदम सोडू नकोस. भाड्याची काळजी डोक्यावर घेऊन बसलास तर चार तासांच्या रियाजातही लक्ष लागणार नाही. आधी त्या दिवशी काय बिघडलं ते नीट समजून घे, कारण तू स्वतःच्या तयारीला दोष देतो आहेस आणि माझ्या मते मोठा दोष खुंट्यांचा आहे.

पाश्चात्त्य पद्धतीत तुझी बारीक तार पांढरी तीनला असते. ती काळी एकवर आणलीस म्हणजे तीन पट्ट्या खाली, आणि तेवढ्यात तिचा ताण जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. अशी सैल तार बोट जरा जोरात पडलं तरी चढते आणि गजाखाली चिरकते. त्याच वेळी खर्जाची तार तू पांढरी पाचवरून काळी चारला चढवतोस, तिचा ताण बारा टक्क्यांनी वाढतो. मधल्या दोन्ही तारा अर्धा सूर उतरतात. ताण असा सगळीकडून बदलला की घोडी (तारांखालचा लाकडी पूल) हलते, एक तार लावताना दुसरी सुटते आणि सगळ्या तारा पुन्हा स्थिरावायला दोन-तीन दिवस जातात. तू दिलेस दोन-तीन तास. शिवाय बोटांना रात्रभर दुसऱ्याच जागांची सवय झालेली होती.

म्हणून पहिला खर्च दुसऱ्या व्हायोलिनचा कर. साथीसाठी साधं, वापरलेलं चालेल. चांगलं वाद्य कायम काळी एकलाच राहू दे. त्याची बारीक तार थोडी जाड घे, म्हणजे खालच्या सुरातही ताण राहील. नव्या तारा कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी चढव, आदल्या दिवशी कधीच नाही. तारा बदलताना एकेक बदल. सगळ्या एकदम सोडल्यास तर आतला साउंडपोस्ट (आधाराची छोटी लाकडी काडी) पडू शकतो. खुंटी पिळताना घोडी खुंट्यांच्या बाजूला झुकते, तेव्हा दर वेळी तिची मागची बाजू सरळ उभी आहे ना ते बघ. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात आणि डिसेंबरात घसरतात, तेव्हा सूर उतरला की लगेच रियाजावर खापर फोडू नकोस.

आता विलंबिताकडे येऊ. एकतालाची मात्रा चार सेकंदांची धरली तर एक आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. बारा मिनिटांत पंधरा आवर्तनं, म्हणजे बढतीला, रागाच्या सावकाश विस्ताराला, भरपूर जागा आहे. अर्ध्या तासात सहा-सात मिनिटं आलाप, बारा मिनिटं विलंबित, आठ मिनिटं द्रुत आणि उरलेल्यात एक नाट्यपद, एवढंच पुरे. गायकी अंगात बंदिशीचे शब्द गजात दिसले पाहिजेत. शब्दाच्या मध्येच गज पालटला की शब्द तुटतो आणि ऐकणाऱ्याला कारण न कळताही काहीतरी खटकतं. बंदिश आधी तोंडाने म्हण, गज कुठे पालटायचा तिथे वहीत खूण कर, मग वाजव. एका गजात आठ सेकंद न थरथरता स्वर टिकवायचा रियाज रोज वीस मिनिटं कर. व्हायोलिनवादक एन. राजम आधी कर्नाटक पद्धतीत शिकल्या आणि पुढे गायक पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे. त्यांची आणि पं. डी. के. दातार यांची ध्वनिमुद्रणं ऐकताना फक्त गज कुठे पालटतो तेवढंच एकदा ऐक. फार शिकायला मिळतं.

साथीचे कार्यक्रम महिन्याला आठावर आण आणि सकाळचे तीन तास कुणालाही देऊ नकोस. कमी पडलेले पैसे शनिवार-रविवारच्या पाच-सहा विद्यार्थ्यांतून भरून निघतील. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयाची आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूंकडे किमान पाच वर्षांची तालीम लागते, ती तुझी झाली आहे. वय मात्र निघून चाललंय, तेव्हा जाहिरात येण्याआधीच गुरुजींचं पत्र आणि कागद तयार ठेव. आकाशवाणीच्या ऑडिशनचाही अर्ज कर. बी श्रेणी मिळाली तरी आयोजकांना दाखवायला काहीतरी हातात असतं. त्यांना पाठवायला दहा मिनिटांचं एकच न तोडलेलं ध्वनिचित्रमुद्रण कर, तबल्यासह. तबलजीची बिदागी आधी ठरवून त्याच रात्री दे. चांगला तबलजी पुन्हा उभा राहिला तरच तुझं एकलवादन उभं राहतं.

गुरुजींना हे सगळं स्वतः जाऊन सांग, फोनवर नको. "कोणती साथ ठेवू, कोणती सोडू, तुम्ही सांगा," असं विचार. ख्यालगायकाची साथ मिळाली तर ते बहुधा हो म्हणतील, कारण तिथे गळ्याच्या मागे मागे जायला शिकायला मिळतं. बाबांपुढे दोन वर्षांची मुदत ठेव आणि जमाखर्चाची वही दाखव. त्यांची भीती पैशाची आहे, तिला उत्तर आकड्यांतच मिळू दे.

मुंग्यांचं शेवटी लिहितेय, पण करायचं सगळ्यात आधी. करंगळी आणि अनामिकेतल्या मुंग्या बऱ्याचदा कोपराजवळच्या नसेवर ताण आल्याने येतात. तुझा डावा कोपर वाजवताना तासन्‌तास वाकलेला असतो, आणि झोपेतही हात दुमडून झोपत असशील. याच आठवड्यात हाडांच्या किंवा हाताच्या डॉक्टरांना दाखव, वाद्य सोबत ने आणि बसून वाजवून दाखव. तोवर २५ मिनिटांच्या वर सलग वाजवायचं नाही, मध्ये पाच मिनिटं हात सरळ सोडायचा, गोळी घेऊन दुखणं दाबून वाजवायचं नाही. बोटं फाकवताना जोर कमी वाटला किंवा करंगळी बधिर राहू लागली, तर वेळ ठरवत बसू नकोस, त्याच दिवशी जा.

– ताई