वाचक विचारतात: इफ टेबल का देईना?

प्रश्न: नमस्कार सर. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल अन् चादरीच्या एका कारखान्यात अकाउंट बघते. मालकांना पॉवर बीआयमध्ये (रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) रिपोर्ट पाहिजे, वर एक स्लायसर, टॉवेल दाबलं की टॉवेलची विक्री, चादर दाबलं की चादरीची. दोन्हीची टेबलं वेगळी हायेत, पहिल्यापासून तशीच निघतात. मेजरमध्ये, म्हणजे हिशोबाच्या फॉर्म्युल्यात, मी लिहिलं, व्हार यादी = इफ(निवड = "टॉवेल", टॉवेलविक्री, चादरविक्री), आणि खाली समएक्स लावून बेरीज. तर एरर यायलाय, अनेक कॉलमची एक स्केलर व्हॅल्यू होत नाही म्हणून. एक्सेलमध्ये हेच इफ मला रेंज देतं की ओ! तीन दिवस झाले डोकं बाद झालंय.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, तीन दिवस म्हणजे कमीच, मी एका सुताच्या व्यापाऱ्याच्या रिपोर्टवर यातच अख्खा आठवडा घालवला होता, आणि तो पण ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात.

एक्सेलचं तुम्ही बरोबर बोललात. तिथलं इफ रेंज देऊ शकतं. पण पॉवर बीआयच्या डॅक्समधलं, म्हणजे तिथल्या फॉर्म्युल्याच्या भाषेतलं, इफ एकच व्हॅल्यू देतं, आकडा, तारीख, नाव, काय असेल ते, पण एकच. स्विच म्हणजे बऱ्याच अटींचं इफ, त्याचं पण तेच, त्यामुळे इफ काढून स्विच टाकलं तरी एरर काय जाणार नाही. व्हार, म्हणजे मधला निकाल नाव देऊन ठेवायची जागा, त्याचा यात दोष नाही, व्हारमध्ये टेबल मजेत बसतं, व्हार यादी = फिल्टर(...) लिहून बघा, चालतंय. अडतंय ते इफपाशी.

आता यातली खरी गंमत, म्हणजे खड्डा. टेबलात एकच कॉलम अन् एकच ओळ असली तर डॅक्स गुपचूप त्याची व्हॅल्यू करून घेतं. म्हणजे इफमध्ये व्हॅल्यूज(पार्टी), म्हणजे पार्ट्यांची यादी, लिहिलं आणि तपासताना स्लायसरवर एकच पार्टी निवडलेली असली की फॉर्म्युला चालतो, तुम्ही खूश, मालकांना पाठवता, आणि ते दोन पार्ट्या निवडतात की बोंब! एक व्हॅल्यू पाहिजे होती, तुम्ही बऱ्याच दिल्या म्हणून एरर. माझा आठवडा इथंच गेला होता.

तुमच्यासाठी सोपी वाट म्हणजे इफ समएक्सच्या बाहेर घ्या. टेबल निवडू नका, बेरीज निवडा: इफ(निवड = "टॉवेल", समएक्स(टॉवेलविक्री, ...), समएक्स(चादरविक्री, ...)). बेरीज म्हणजे एक आकडा, इफला तेच पाहिजे असतं. निवड मात्र आधी वर व्हारमध्ये सिलेक्टेडव्हॅल्यूनं (स्लायसरवर दाबलेलं एकच नाव ते देतं) घेऊन ठेवा, आणि लक्षात असू द्या, स्लायसरवर दोन्ही दाबले किंवा काहीच दाबलं नाही तर ते ब्लँक देतं आणि वरचं इफ सरळ चादरीची बेरीज दाखवून मोकळं होतं. मालक म्हणणार टॉवेलचा धंदा कुठं गेला.

खरंच टेबलच पाहिजे असेल, पुढं त्याच्यावर टॉपएन (वरच्या ठराविक ओळी) वगैरे लावायचंय, तर एक जुगाड आहे: व्हार यादी = युनियन(फिल्टर(टॉवेलविक्री, निवड = "टॉवेल"), फिल्टर(चादरविक्री, निवड = "चादर")). अट प्रत्येक ओळीला सारखीच, म्हणून एक फिल्टर सगळं टेबल देतो अन् दुसरा रिकामं, त्यांचं युनियन म्हणजे तुम्हाला पाहिजे तेच टेबल. पण युनियन कॉलमची नावं बघत नाही, क्रम बघतं. दोन्हीकडे कॉलम तेवढेच पाहिजेत, आणि टॉवेलचा तिसरा कॉलम किलो अन् चादरीचा तिसरा नग असला तर ते डोळे झाकून एकाखाली एक लावतं, नाव पहिल्या टेबलाचं, एरर नाही काही नाही, चादरी सगळ्या किलोत! शिवाय दोन वेगळ्या टेबलांचे कॉलम एकत्र आले की त्यांचं मूळ टेबलाशी नातं तुटतं, मग ती यादी कॅल्क्युलेटमध्ये (फिल्टर बदलून मोजतं ते) फिल्टर म्हणून दिली तर आकडे जागचे हलत नाहीत. समएक्स(यादी, [रक्कम]) चालेल, कॉलमच्या आधी यादी लिहायचं नाही एवढंच.

पण मला विचाराल तर हे दोन्ही नको. दोन टेबलं ठेवलीच कशाला? पॉवर क्वेरीत (डेटा आत घेताना नीट करायची जागा) अपेंड करून, म्हणजे एकाखाली एक जोडून, एकच विक्री टेबल करा (तिथं कॉलम नावावरनं जुळतात, तेव्हा आधी नावं सारखी करून घ्या), अपेंडच्या आधी प्रत्येकात 'माल' असा एक कॉलम घाला, टॉवेल किंवा चादर, आणि स्लायसर त्या कॉलमवर बसवा. मग इफ पण नको अन् युनियन पण नको, साधा सम पुरतो. उद्या मालकांनी नॅपकिन सुरू केले तरी मेजरला हात लावायला लागत नाही. जाता जाता, पॉवर क्वेरीतलं इफ टेबल देतं बरं का, पण ते रिफ्रेश होताना एकदाच चालतं, स्लायसर दाबल्यावर नाही, म्हणून तिकडं फसू नका.

प्रश्न: व्हारमध्ये एकूण विक्री ठेवली आणि खाली कॅल्क्युलेटमध्ये तो व्हार देऊन एका पार्टीचा फिल्टर लावला. आकडा बदलतच नाही.
– एक वाचक, बार्शी

उत्तर: बदलणारच नाही. व्हार जिथं लिहिलाय तिथल्या फिल्टरमध्ये एकदा मोजला की झालं, नाव व्हेरिएबल असलं तरी. बिल फाडल्यावर दर बदलला तर हातातल्या बिलावरचा आकडा बदलतोय होय? एकूण विक्रीचं वेगळं मेजर काढा आणि कॅल्क्युलेटमध्ये व्हारच्या जागी त्याचं नाव द्या.