आंबा खायचा तर पोळी किती कमी करायची?

प्रश्न : वडिलांचं वय ६४. आठ वर्षं मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. ‘गोड फळं बंद’ असं ऐकल्यापासून ते हापूसला हात लावत नाहीत. आंबा पूर्ण सोडावाच लागतो का? (वाचक, चिपळूण)

उत्तर : साखर आटोक्यात असेल तर नाही. मात्र तो मोजून खावा लागतो, आणि पानातल्या दुसऱ्या कशाच्या तरी बदल्यात. अडीचशे ग्रॅमच्या हापूसमधून साल-कोय वजा जाता दीडशे ग्रॅमच्या आसपास गर निघतो. त्यात साधारण २२ ग्रॅम कर्बोदकं असतात. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत ती २० ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे अख्खा हापूस खायचा तर एक पोळी कमी, अर्धा खायचा तर अर्धी. घोटाळा होतो तो आमरस-पुरीच्या जेवणात. वाटीभर रसात एक आंबा सहज जातो, वरून साखर, सोबत चार पुऱ्यांचे आणखी ४० ग्रॅम, शेवटी भात. साखर चढली की दोष मात्र एकट्या आंब्याला.

सुरुवात अर्ध्या हापूसने करा, आणि रस न काढता फोडी खाऊ द्या. जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ किंवा घट्ट वरण, मग पोळी, शेवटी फोडी. प्रथिनं आणि चोथा आधी पोटात गेला की मागून येणारी साखर रक्तात हळू उतरते. ‘आज नुसता आंबाच खातो’ म्हणून जेवण मात्र टाळायचं नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. जेवण अपुरं पडलं तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते.

मग ग्लुकोमीटरवर साखर मोजा. जेवायला बसण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून (शेवटच्या नव्हे) दोन तासांनी एकदा. बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी हा दुसरा आकडा १८० च्या आत असावा. वडिलांच्या डॉक्टरांनी वेगळी मर्यादा सांगितली असेल तर ती धरा. आणखी एका दिवशी तेच जेवण आंब्याशिवाय आणि पूर्ण पोळ्यांसह घेऊन पाहा, म्हणजे तुलना खरी होते.

इथे एक चूक फार होते. आंबा सोललेल्या हातानेच बोट टोचलं तर बोटावरचा रस रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि मीटर भलताच मोठा आकडा दाखवतो. स्पिरिटच्या बोळ्याने ही साखर नीट निघत नाही. साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच टोचा. आणि उपाशीपोटीची साखरच २०० च्या घरात असेल तर आंब्याचा विचार नंतर. आधी औषधांसाठी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : पेरू चालतो, पण चिकू-सीताफळ विष, असं सगळे म्हणतात. खरं काय? (वाचक, लातूर)

उत्तर : शंभर ग्रॅम पेरूत १४ ग्रॅम कर्बोदकं, त्यातला ५ ग्रॅम चोथा. शिवाय तो चावून खावा लागतो, म्हणून पोटही भरतं. शंभर ग्रॅम चिकूत २० आणि सीताफळाच्या गरात २३-२४ ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे एक मध्यम चिकू किंवा लहान सीताफळाचं अर्धं, इतकं एका वेळी बसतं. नडतात ते एका बैठकीत संपलेले तीन चिकू. कलिंगडाचं उलट आहे. शंभर ग्रॅमला ७-८ ग्रॅमच, पण परातभर फोडी समोर आल्या की ४०० ग्रॅम कधी पोटात गेले कळत नाही. सुक्या अंजिरांना आणि खजुराला ‘नैसर्गिक’ म्हणून सूट देऊ नका. खजुराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग साखरेचा असतो, आणि अंजीर रात्रभर भिजवले म्हणून त्यांची साखर नाहीशी होत नाही.

प्रश्न : घरी काढलेला, साखर न घातलेला मोसंबीचा रस तरी चालेल? (वाचक, जालना)

उत्तर : रोज नको. ग्लासभर रसाला तीन-चार मोसंबी लागतात, चोथा गाळणीत राहतो आणि उरलेली साखर दोन मिनिटांत पिऊन होते. रसाचा खरा उपयोग साखर ७० च्या खाली गेल्यावर. तेव्हा अर्धा ग्लास रस किंवा तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर ग्लुकोजच द्या, कारण या औषधांमुळे साध्या साखरेचं पचन लांबतं. पाकीट आत्ताच उलटून घटक वाचून ठेवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : वजन ७० किलो, व्यायामशाळेत जातो. रोज १०५ ग्रॅम प्रथिनांचं लक्ष्य आहे. प्रशिक्षक म्हणतात, फळांत प्रथिनं नाहीत, बंद करा. (वाचक, पुणे)

उत्तर : फळांत प्रथिनं नगण्य, हे बरोबर. पेरूत शंभर ग्रॅमला अडीच ग्रॅम, बाकीच्या बहुतेक फळांत एक ग्रॅमच्या आसपास. पण म्हणून फळ बंद करणं चूक आहे. अंडी, पनीर, चिकन आणि व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची भुकटी) यांत चोथा नसतो. फळं-भाज्या तोडून नुसतं हेच वाढवलं की पंधरवड्यात बद्धकोष्ठता हजर होते. शाकाहारी असाल तर डाळ-उसळीतलं लोह अंगी लागायला फळांमधलं क जीवनसत्त्व मदत करतं. जेवणासोबत पेरूच्या चार फोडी किंवा संत्रं त्यासाठीच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही दोन हजार कॅलरींच्या दिवसाच्या ताटात १०० ग्रॅम फळं आहेत.

तुमच्याकडे तपासायचं असेल तर शेक तपासा. पाव लिटर दूध, व्हेच्या डब्यातला एक माप-चमचा, एक केळं, चार खजूर आणि चमचाभर मध म्हणजे ८० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, चार पोळ्यांइतकी. खजूर-मध काढा, केळं अर्धं करा, तेच दूध आणि व्हेचा माप-चमचा ठेवा. प्रथिनं ३० ग्रॅमच्या आसपास तशीच राहतात, कर्बोदकं २५ ते ३० वर येतात. संध्याकाळी एक पेरू आणि मूठभर भाजके शेंगदाणे हा खाऊ कोणत्याही प्रोटीन बारपेक्षा स्वस्त आणि भरवशाचा.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढलेल्यांनी वरच्या दोन्ही गोष्टी, प्रथिनं वाढवणं आणि फळं खाणं, डॉक्टरांना विचारूनच कराव्यात. केळं, संत्रं, शहाळ्याचं पाणी यांत पोटॅशियम बरंच असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांनी पोटॅशियमची रक्ततपासणी आधी करून घ्यावी.