ब्रॉयलरची विष्ठा पातळ आहे आणि तीत मक्याचे कण दिसतात. पाण्यातून कोणते अँटिबायोटिक द्यावे?

आपण लिहिले आहे की, उमरेड रस्त्यावरील शेडमधील पक्षी 22 दिवसांचे झाले तरी वजन 550 ग्रॅमच्या पुढे सरकत नाही, विष्ठा पातळ पडते, तीत मका तसाच दिसतो आणि खाद्य आपण घरचा मका व घरचेच सोयाबीन दळून तयार करता. माझ्या मते औषधाचा प्रश्न नंतरचा आहे. आपण सोयाबीन भाजून घालता की कच्चेच दळता, हे आधी पाहावे लागेल.

हे विचारण्याचे कारण असे की, ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका हंगामात बाजारात सोयाबीनला भाव मिळेना, म्हणून कळमेश्वरजवळच्या माझ्या शेडमध्ये मी ते कच्चेच दळून पिल्लांना घातले आणि पंधरा दिवसांत आपण वर्णन केले आहे तेच चित्र पाहिले. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या पाचकरसाला अडवणारा घटक असतो. त्यामुळे स्वादुपिंड अधिकाधिक रस तयार करून सुजते, प्रथिने मात्र अर्धवट पचून आतड्याच्या शेवटच्या भागात जातात आणि तेथील क्लॉस्ट्रिडियमसारख्या उपद्रवी जिवाणूंना आयती मेजवानी मिळते. म्हणजे खाद्याचा खर्च आपला आणि वाढ जिवाणूंची. उष्णतेने हा घटक निकामी होतो, पण घरच्या कढईत दाणा बाहेरून करपतो व आतून कच्चा राहतो, आणि फार भाजला तर त्यातील लायसिन (प्रथिनाचा एक आवश्यक घटक) पक्ष्याच्या उपयोगाचे राहत नाही. त्यामुळे सोयाबीन विकून सोया डीओसी, म्हणजे तेल काढून योग्य उष्णता दिलेली पेंड, विकत आणणेच मला शहाणपणाचे वाटते. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हा प्रथिनांचा दुसरा आवश्यक घटक मुळातच कमी असल्याने ते वेगळे मिसळावे लागते. घरच्या मिश्रणात बहुतेक वेळा नेमके तेच राहून जाते.

मका तसाच बाहेर पडतो, त्याचे एक साधे कारण दळणातही असू शकते. काही दाणे अख्खे आणि उरलेले पीठ असे दळण झाले की पक्षी मोठे कण आधी टिपतात व पीठ गव्हाणीत ठेवतात. मक्याला कुबट वास येत असेल किंवा दाण्यावर बुरशी दिसत असेल, तर तो मका मुळीच वापरू नये. त्यातील अफ्लाटॉक्सिन यकृतावर आघात करते आणि ते दळल्याने वा उकळल्याने जात नाही.

आता विष्ठेविषयी. दिवसातून काही वेळा पडणारी गडद तपकिरी, चिकट विष्ठा अंधांत्रातून (आतड्याला जोडलेल्या, एका टोकाला बंद असलेल्या नळीतून) येते व ती निरोगी पक्ष्यातही असते. तिला हगवण समजून औषध देणारे अनेक जण मी पाहिले आहेत. नारिंगी शेंबूड किंवा रक्त दिसल्यास मात्र कॉक्सीडिओसिसचा संशय घ्यावा. हा आजार जिवाणूंचा नाही, आयमेरिया या एकपेशीय परजीवीचा आहे, आणि म्हणून नेहमीची बहुतेक अँटिबायोटिके त्यावर निरुपयोगी ठरतात. या आजारावरचे ॲम्प्रोलियम हे औषध देण्याची वेळ आली, तर त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स थांबवावे, कारण ते औषध बी-कॉम्प्लेक्समधील थायामिनची (बी-1 जीवनसत्त्वाची) नक्कल करूनच परजीवीला उपाशी ठेवते. (दुकानदार बहुधा दोन्ही बाटल्या एकत्रच देतो.) कोलिस्टिन या अँटिबायोटिकची बाटली कोणी पुढे केली तर ती घेऊ नका, अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत तिच्या वापरावर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंदी घातली आहे.

या परजीवीची अंडी ओल्या, उबदार लिटरमध्ये (शेडच्या जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या थरात) एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात आणि नागपूरचा पावसाळा त्यांना अगदी मानवतो. धानाच्या तुसाची मूठ आवळून सोडा. गोळा तसाच राहिला तर लिटर ओले आहे. मग ते रोज उलथावे, पाण्याच्या भांड्यांखालील भाग काढून तेथे कोरडे तूस घालावे आणि भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर आणावी.

कच्चे सोयाबीन आजच बंद करून ही तुकडी तयार खाद्यावर न्यावी. तरीही दोन-तीन दिवसांत फरक दिसला नाही किंवा मरतुक सुरू झाली, तर सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक ताजा मेलेला आणि एक-दोन आजारी पक्षी शवविच्छेदनासाठी न्यावेत व औषध त्यानंतरच ठरवावे. मेलेला पक्षी बर्फावर ठेवून शक्य तितक्या लवकर पोहोचवा, मात्र गोठवू नका. आतडे काही तासांतच कुजू लागते आणि गोठवलेल्या आतड्यावरून निदान करणे अवघड जाते.