सूर आणि सरंजाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. लहानपणी आठ-नऊ वर्षं गाणं शिकले. निवृत्तीच्या पैशांतून यंदा अडीच लाखांची साउंड सिस्टीम घेतली : अँप्लिफायर, सीडी प्लेयर आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर. हॉल १६ बाय १० फूट. स्पीकर शोकेसच्या दोन्ही बाजूंना कोपऱ्यात आहेत, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. बायकांचं गाणं सुरेख लागतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांची सीडीही छान वाजते. पण काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणाऱ्या आजच्या गायकाची सीडी लावली की तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, नुसता घूंऽऽ करत घर भरून टाकतो, डग्गा ढोलासारखा वाजतो आणि शब्द बुडतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून जाड पडदे लावले, काही फरक नाही. आता तो अठरा हजारांची केबल घ्या म्हणतोय. घेऊ का?
— स. कु., नाशिक

उत्तर : केबल घेऊ नका, बाई. (शिक्षिका होतात म्हणून बाईच म्हणतो.) तुमची सिस्टीम ठणठणीत आहे, घुमतोय तो हॉल. आणि हे निदान मी नाही, तुमच्याच पत्राने केलंय. बायकांचं गाणं नीट लागतं आणि पुरुषांचं घुमतं, हे वाक्य वाचल्यावर मी चहा बाजूला ठेवून कागद-पेन्सिल घेतली.

ध्वनी हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुमचा हॉल १६ फूट लांब, म्हणजे ४.८८ मीटर. एका भिंतीपासून निघून समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला ९.७६ मीटर. भागाकार करा : ३५. म्हणजे सेकंदाला ३५ कंपनांचा सूर तुमच्या हॉलला आवडतो. तो आणि त्याच्या पटीतले ७०, १०५ हे सूर लागले की हॉल स्वतःच गायला लागतो. आता काळी एकचा सा. पुरुषाचा मध्य षड्ज सेकंदाला साधारण १३८ कंपनांचा, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. हॉलच्या आवडत्या ७० ला अगदी लागून, म्हणून तो घुमतो. गायिका पांढरी चारात गात असेल तर तिचा खर्ज ८७ च्या आसपास, ७० आणि १०५ च्या बरोबर मध्ये, म्हणून हॉल गप्प बसतो. आणि खाँसाहेबांच्या तबकड्या १९३७ च्या आधीच्या. आवाज मुळात उंच, आणि एवढा खोल खर्ज त्या तबकड्यांत उतरलेलाच नाही. हॉलला जागं करायला काही नाहीच.

त्यातून तुम्ही स्पीकर कोपऱ्यात आणि सोफा भिंतीला लावलाय. खर्ज भिंतीपाशी सगळ्यात जास्त फुगतो, कोपऱ्यात तर विचारूच नका. तुम्हाला दोष देत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून अँप्लिफायर दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली आणि त्यातली पहिली दहा माझे स्वतःचे स्पीकर कोपऱ्यातच होते, कारण आमच्या आईला ते तिथेच शोभून दिसत.

आज संध्याकाळी एक करा. फोनवर हव्या त्या कंपनांचा सूर देणारं अॅप फुकट मिळतं. ७० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७० कंपनं, लावून तो सूर स्पीकरमधून सोडा, आवाज अगदी बेताचा ठेवून. सोफ्यावर बसा : छातीत घुमेल. उठून हळूहळू पुढे चाला. भिंतीपासून चारेक फुटांवर सूर जवळजवळ नाहीसा होईल आणि हॉलच्या मधोमध पुन्हा फुगेल. शेजारच्या बाईंना बोलावून दाखवा, त्यांचा विश्वास बसणार नाही.

तर बसण्याची जागा भिंतीपासून तीन फुटांवर आणा. चारावर नको, तिथे खर्ज अजिबातच उरणार नाही आणि तंबोरा लंगडा वाटेल. सोफा पुढे ओढला तर घरचे ओरडतील, म्हणून एक आरामखुर्ची ठेवा आणि गाणं झालं की मागे सारा. स्पीकरही मागच्या भिंतीपासून जमलं तर तीन, नाहीतर निदान दोन फूट पुढे घ्या, कोपऱ्यातून आत सरकवा, दोघांत साडेसहा फूट अंतर ठेवा आणि तोंडं किंचित खुर्चीकडे वळवा. शोकेसच्या दोन्ही बाजूंना स्पीकर दिसायला छान दिसतात, इतकंच.

पडद्यांबद्दल मात्र मला राग आहे. ७० कंपनांच्या लाटेची लांबी जवळजवळ पाच मीटर, तिला पडदा म्हणजे काहीच नाही. पडदा खातो ते वरचे बारीक स्वर. लहानपणी वडिलांबरोबर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो होतो. एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवत होते. दोरा केसभर पुढे, तार मुकी. केसभर मागे, आणि एकदम तारेतून मधमाश्यांचा थवा उठल्यासारखा झणकार. ती जवारी. तुमचे जाड पडदे तीच गिळतायत आणि खर्जाला हात लावत नाहीत. म्हणजे घुमणं होतं तिथेच राहिलं आणि त्यावरची चकाकी गेली. निम्मे पडदे काढा. भिंतीवर पुस्तकांचं उघडं कपाट असेल तर ते राहू द्या.

तारा उलट जोडल्या गेल्यात का, ही शंका मलाही आली होती. पण एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारांची अदलाबदल झाली असती तर खर्ज पातळ झाला असता आणि गायक कुठे बसलाय तेच कळलं नसतं. तरी खुर्ची लावून झाल्यावर खाँसाहेबांची सीडी लावाच. ते ध्वनिमुद्रण मोनो, दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. डोळे मिटून ऐकलंत तर खाँसाहेब दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, हातभर जागेत बसलेले हवेत. डावीकडे झुकलेले वाटले तर डावा स्पीकर चार बोटं मागे घ्या.

प्रश्न : ५० वॉटचा अँप्लिफायर बदलून १०० वॉटचा घेतला तर आवाज दुप्पट होईल ना?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. फक्त ३ डेसिबल (आवाज मोजायचं माप) वाढेल, म्हणजे 'जरा मोठं झालं वाटतं' इतकंच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक वीज दिली की किती डेसिबल आवाज निघतो त्याचा, आकडा असतो. तुमचा ८६ असेल आणि पुढचा स्पीकर ८९ चा घेतलात, तर तेच ३ डेसिबल अँप्लिफायर न बदलता मिळतील. तोवर खुर्ची दोन फूट पुढे घ्या.