पेट्रोलचा काटा मध्येच तळाला जातो, मीटर बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात जुनी मारुती ८०० चालवता, पेट्रोलचा काटा चालता चालता तळाला जातो, थोड्या वेळानं परत अर्ध्यावर येतो, आणि गॅरेजवाले मीटर बदला म्हणतात. माझं ऐकाल तर इतक्यात मीटर घेऊ नका. आमच्याकडेही हीच गाडी आहे. काटा अशा उड्या मारत असेल तर दोष बहुतेक वेळा टाकीतल्या फ्लोटचा किंवा वायरचा निघतो.

टाकीत दांडीला पोकळ फ्लोट लावलेला असतो, पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. पेट्रोल उतरलं की दांडी उतरते आणि तिच्या टोकाची पत्ती रेझिस्टन्सच्या पट्टीवरून सरकते. त्यावर काट्याला कमी-जास्त करंट मिळतो. वर्षानुवर्षं घासून ही पट्टी झिजते. आमचा फ्लोट मिस्त्रींनी बाहेर काढला तेव्हा पट्टीवर एका जागी तार तुटून चकचकीत चर पडलेला होता. पत्ती तिथं आली की काटा गपकन खाली. तुमचं लक्षण मला तेच वाटतं. फ्लोट काढलाच तर कानाशी धरून हलवायला सांगा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो फुटलाय, मग टाकी काठोकाठ भरली तरी काटा वर येणार नाही.

पण टाकी उघडण्याआधी वायर आणि अर्थिंग बघून घ्या, ते स्वस्तातलं काम आहे. टाकीवरच्या जोडाला गंज चढलेला असतो, तो घासून साफ केला तरी कधी कधी भागतं. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन फ्लोटची वायर काढून क्षणभर बॉडीला टेकवून बघतो. काटा एका टोकाला गेला तर मीटर आणि वायर ठीक, दोष फ्लोटचा. हे घरी करू नका, पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी उडाली तर जिवावर बेतेल. आणि टेम्परेचरचा काटाही सोबतच चुकत असेल तर फ्लोटला हात लावायच्या आधी मीटरचा सप्लाय तपासायला लावा.

दुरुस्ती होईपर्यंत काट्याकडे बघूच नका, किलोमीटरवर चाला. टाकी फुल्ल करा, नोझल पहिल्यांदा बंद पडला की थांबा, किलोमीटरचा आकडा टिपून ठेवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच फुल्ल करा. झालेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, हे तुमचं खरं अ‍ॅव्हरेज. दोन-तीनदा काढा आणि त्यातलं सगळ्यात कमी धरा, कारण सात रस्त्याच्या सिग्नलवर मे महिन्यात एसी लावून उभं राहिल्यावर हायवेचं अ‍ॅव्हरेज मिळत नाही. ८०० ची टाकी २८ लिटरची. अ‍ॅव्हरेज १५ आलं तर ३०० किलोमीटरला २० लिटर संपतात, ८ उरतात. तिथं भरायचंच. अक्कलकोट किंवा तुळजापूर जाऊन-येऊन शंभरच्या आतबाहेर, त्यात काळजीचं काही नाही. पुण्याला मात्र एका बाजूनंच अडीचशे होतात, तेव्हा परतीला निघताना टाकी फुल्ल करूनच निघा.

तुळजापूरच्या घाटात काटा हलला तर तो बिघाड समजू नका. चढावर पेट्रोल एका बाजूला सरकतं, चांगल्या गाडीतही असं होतं. वाचायचं ते सपाटीवर.

सोबत म्हणून डिकीत प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल ठेवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. कृपा करून ऐकू नका. आपल्याकडच्या उन्हात बंद डिकी किती तापते ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि तुमची गाडी जुन्या कार्बोरेटरची नसून एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली असेल तर टाकी तळाला जाऊच देऊ नका. तिचा पंप टाकीतच असतो, पेट्रोलमुळेच थंड राहतो, आणि तो जळाला तर फ्लोटपेक्षा कितीतरी महाग पडतो.