ट्रान्सफरचा फॉर्म भरण्याआधी

अगं,

अमेरिकेतलं तुझं कॉलेज बदलायचंय हा तुझा मेसेज परवा रात्री वाचला, काल लंचला परत वाचला, आणि फोनवर दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून हे मोठं लिहायला बसलेय. तुझ्या मेसेजमध्ये लिंग्विस्टिक्सबद्दल, म्हणजे भाषाशास्त्राबद्दल, तीन ओळी आहेत आणि एकटं वाटण्याबद्दल पंधरा-सोळा. मी मोजल्या. तुला नावं ठेवायला मोजल्या नाहीत गं, तुझ्या वयाची असताना मी आईला जो मेल लिहिला होता त्यातही साधारण हेच प्रमाण होतं. आणि आज मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की त्या तीन ओळींसाठी कॉलेज बदलायचं असेल तर जरूर बदल, मी पूर्ण मदत करेन, पण त्या पंधरा ओळींसाठी बदलू नकोस.

मी पहिली दोन वर्षं मिडवेस्टमधल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात होते. दीडेक हजार मुलं, एक मेन स्ट्रीट, एक किराणा दुकान, आणि थँक्सगिव्हिंगला डॉर्म इतकी रिकामी व्हायची की खालच्या किचनमधल्या फ्रीजची घरघर वरच्या मजल्यावर ऐकू यायची. गेले होते जिऑलॉजीसाठी. डिपार्टमेंटला प्रोफेसर दोन. त्यातले एक रिटायर झाले आणि ती जागा कॉलेजने भरलीच नाही, दुसऱ्या बाई सबॅटिकलवर, म्हणजे लांब अभ्यासरजेवर, गेल्या, आणि ज्या मिनरॉलॉजीच्या, म्हणजे खनिजशास्त्राच्या, कोर्सवर पुढचं सगळं अवलंबून तो सलग दोन वर्षं लागलाच नाही. कॅटलॉगमध्ये मात्र होता, चांगला पाच-सहा ओळींच्या वर्णनासकट. मला ते फार लागलं, अजूनही आठवलं की लागतं, कारण बाबांनी तोच कॅटलॉग बघून पैसे भरले होते.

छोट्या कॉलेजात हे होतं. जिथे एखाद्या विषयाला दोन-तीनच माणसं आहेत तिथे एक माणूस रजेवर गेला की वरच्या लेव्हलचे निम्मे कोर्स बंद. म्हणून आता ज्या कॉलेजांकडे तू बघतेयस त्यांचा कॅटलॉग वाचत बसू नकोस, रजिस्ट्रारच्या साइटवर मागच्या सेमिस्टर्सची शेड्यूल्स असतात ती उघड. मागच्या दोन वर्षांत फोनॉलॉजी (ध्वनींचा अभ्यास) खरंच कितीदा लागला, सिंटॅक्स (वाक्यरचनेचा) कितीदा, कोणी शिकवला, ती व्यक्ती कायमची आहे की एका वर्षासाठी आलेली व्हिजिटिंग, हे सगळं कागदावर लिहून काढ. स्वार्थमोर, कार्लटन, मॅकॅलेस्टर, रीड, पोमोना इथे लिंग्विस्टिक्सचा पूर्ण मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, आहे. तुझ्या आत्ताच्या कॉलेजात अँथ्रोपॉलॉजीतले एक सर दीड वर्षातून एकदा इंट्रो घेतात आणि पुढे काही नाही, हे तू लिहिलंयस. हे कारण खरं आहे, कोणासमोरही मान वर करून सांगता येईल असं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या अमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योकसारखं शेजारच्या कॉलेजात जाऊन कोर्स घेता येणारं जाळं तुझ्याकडे असतं तर मी म्हटलं असतं थांब, बसने जा आणि शिक. तुझ्याकडे ते नाही.

आता पैसे. हे प्रेमाने पण स्पष्ट सांगते. बाहेरच्या देशातून पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना जी कॉलेजं भरघोस एड, म्हणजे आर्थिक मदत, देतात, त्यातली बरीच ट्रान्सफर होऊन येणाऱ्या परदेशी मुलांना एक पैसाही देत नाहीत, किंवा वर्षाला अगदी मोजक्यांना देतात. पहिल्या अर्जात एड मागितली नसेल तर पुढे कधीच मागता येणार नाही असाही नियम काही ठिकाणी असतो. निबंध लिहायला बसायच्या आधी प्रत्येक अॅडमिशन ऑफिसला एक साधा मेल टाक, की मी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आहे, ट्रान्सफर म्हणून अर्ज करतेय, मला एड मिळू शकते का. उत्तर लेखी घे. माझ्या यादीत आठ कॉलेजं होती, या एका मेलनंतर तीन उरली. आणि तुझं लोन ज्या कॉलेजच्या नावाने सँक्शन झालंय ते नाव बदलणार, म्हणजे बँकेत पुन्हा कागद, पुन्हा बाबांची सही, तर त्यांना हे मे महिन्यात अचानक कळायला नको.

बाबांना सांगणं हा वेगळाच विषय आहे. आपल्याकडे कॉलेज बदललं म्हटलं की टीसी, मायग्रेशन सर्टिफिकेट, आणि पाठोपाठ काकू विचारणार, काय गं, नापास झाली का? माझ्या घरी हेच झालं. मी बाबांना फोनवर तासभर तिथलं वातावरण, लोक, थंडी असं काय काय सांगत राहिले आणि ते फक्त हं हं करत होते. शेवटी मी दोन्ही कॉलेजांच्या कोर्सची शेजारी शेजारी मांडलेली एक शीट पाठवली आणि त्यांचा दहा मिनिटांत फोन आला, म्हणाले हे आधी का नाही दाखवलंस. तेव्हा तू शीट आधी दाखव.

क्रेडिट्सचं बघ. बहुतेक ठिकाणी डिग्रीच्या निम्म्यापर्यंतच क्रेडिट्स बाहेरून चालतात आणि कमीत कमी चार सेमिस्टर त्यांच्याकडे काढावी लागतात, म्हणून तिसरं वर्ष सुरू झाल्यावर हा विचार करण्यात फारसा अर्थ उरत नाही. तू आत्ता दुसऱ्या वर्षात आहेस, म्हणजे तुझ्याकडे हीच एक खेप आहे. ग्रेड बहुतेक ठिकाणी सोबत येत नाहीत, फक्त क्रेडिट येतं, जीपीए शून्यापासून. तू ऑरगॅनिकमध्ये जीव काढून मिळवलेला ए तिकडे नुसता एक कोर्स म्हणून दिसेल, त्याचं वाईट वाटेल, वाटू दे. शिवाय प्रत्येकाचं मोजमाप वेगळं, कार्लटनला वर्षाच्या तीन टर्म आणि दर टर्मला तीन कोर्स, कोलोरॅडो कॉलेजात एका वेळी एकच कोर्स आणि तो साडेतीन आठवड्यांत संपतो, त्यामुळे तुझे चार-चार क्रेडिटचे कोर्स तिकडे नेमके किती धरतील हे तिथला रजिस्ट्रार ठरवणार, आणि ते ठरवायला त्याला सिलॅबस लागतो. आजच बस आणि घेतलेल्या प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेव, पुस्तकांच्या यादीसकट. माझा एक स्टॅटिस्टिक्सचा कोर्स केवळ सिलॅबस हरवला म्हणून निम्मा धरला गेला.

आणि तू लिहिलंयस की इथे कोणाला कळू न देता अर्ज करायचा आहे. ते जमणार नाही. कॉमन अॅपच्या, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या त्या एकाच ऑनलाइन फॉर्मच्या, ट्रान्सफर अर्जात कॉलेज रिपोर्ट नावाचा कागद असतो, तो तुझ्याच कॉलेजच्या ऑफिसातून भरून घ्यावा लागतो, वर बऱ्याच ठिकाणी चालू सेमिस्टरच्या प्रोफेसरांकडून मिडटर्म रिपोर्ट आणि शिफारसपत्र. अर्जाच्या तारखा बहुतेक मार्चमध्ये येतात, म्हणजे फेब्रुवारीत तुला तुझ्या अॅडव्हायझरच्या दारात उभं राहावंच लागणार. मी हे तीन आठवडे टाळलं होतं. त्या सबॅटिकलवरून परत आलेल्या बाईंकडे गेले तेव्हा हात गार पडले होते, त्यांच्या टेबलावर पातळ काचपट्ट्यांचा ट्रे होता, दगड कागदापेक्षा पातळ घासून काचेवर चिकटवतात ना त्या. मी म्हटलं मी जायचा विचार करतेय. त्या काही क्षण गप्प बसल्या, मग एक काचपट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि म्हणाल्या बघ. क्रॉस केलेल्या पोलरायझरमध्ये फेल्डस्पारच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, ऑलिव्हिनचे निळे-केशरी दाणे, मी पहिल्यांदाच बघत होते. म्हणाल्या, हे तुला दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला दिसायला हवं होतं, ते मी देऊ शकले नाही, पत्र कुठे पाठवायचंय सांग. नंतर माझ्या यादीतल्या एका कॉलेजवर त्यांनी काट मारली, कारण तिथेही कोणीतरी रिटायर होणार होतं आणि हे त्यांनाच माहीत होतं. लपवून ठेवलं असतं तर मी नेमकी तिथेच जाऊन पडले असते.

जाता जाता कॉलेजच्या तब्येतीचंही बघ, कारण छोटी कॉलेजं बंद पडतायत. व्हरमाँटचं ग्रीन माउंटन २०१९ मध्ये बंद झालं, मार्लबोरो २०२० मध्ये, आणि न्यूयॉर्कमधल्या वेल्स कॉलेजने २०२४ च्या एप्रिलअखेर जाहीर केलं की हे सेमिस्टर संपलं की आम्ही बंद. तिथल्या मुलांवर ट्रान्सफर येऊन आदळली. नव्या जागेचा एंडोमेंट, म्हणजे कॉलेजचा गुंतवून ठेवलेला निधी, आणि मागच्या काही वर्षांत मुलांची संख्या किती घसरलीय एवढं तरी पाहून घे.

व्हिसाचं त्यामानाने सोपं. सेव्हिसमधलं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीतलं, तुझं रेकॉर्ड जुनं कॉलेज नव्याकडे सोडतं, त्याची एक रिलीज डेट ठरते, मग नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा कागद, येतो. व्हिसाचा शिक्का अजून व्हॅलिड असेल आणि सेव्हिस नंबर तोच असेल तर त्यावर जुन्या कॉलेजचं नाव असलं तरी चालतो, सोबत नवा आय-२० हवा. फक्त एक लक्षात ठेव, त्या रिलीज डेटनंतर जुन्या कॉलेजात एक तासही काम करता येत नाही. तू उन्हाळ्यात लायब्ररीत काम करणार म्हणालीस ना, तर तारीख ठरवायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन हे बोल.

आता त्या पंधरा ओळी.

मी पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या कॉलेजात पोचले ऑगस्टमध्ये, दोन सूटकेस आणि एक तीन लिटरचा कुकर घेऊन. वीस वर्षांची मी आणि ओरिएंटेशन अठरा वर्षांच्या मुलांबरोबर, त्यांना डायनिंग हॉल कुठे हे दाखवत होते आणि मला माझा मेजर डिक्लेअर करायचा होता. रूम मिळाली ती उरलेली, माझ्या रूममेटची मैत्रीण परदेशी सेमिस्टरला गेली होती तिच्या जागी. छोट्या कॉलेजात मैत्र्या पहिल्या सहा आठवड्यांत होतात आणि मग घट्ट होतात, तिसऱ्या वर्षाला तर कोण कोणत्या टेबलावर बसतं हे ठरलेलं असतं, सगळे हसून हाय म्हणतात आणि आपापल्या टेबलाकडे जातात. सप्टेंबरभर मी ट्रे घेऊन खिडकीपाशी बसायचे. पहिल्या कॉलेजात एकटी होते त्यापेक्षा जास्त एकटी होते, कारण तिथे निदान मेलरूममधल्या काकू मला नावाने ओळखायच्या.

तेव्हा सावरलं ते विषयाने. जिऑलॉजीच्या बिल्डिंगमध्ये जिन्यापाशी काचेचं कपाट होतं, त्यात एक हिरवट अपोफिलाइटचा स्फटिक, खाली टाइपरायटरवर टाइप केलेलं पिवळं लेबल, पूना, इंडिया. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांमध्ये सापडतात ते, जगभरच्या म्युझियमांमध्ये असतात. मी तिथे उभी राहून लेबल वाचत होते तर मागून एका मुलीने विचारलं, तू तिथली का, आणि मग आम्ही दोघी त्या वर्षी मिनरॉलॉजीच्या लॅबला पार्टनर झालो. मंगळवार-गुरुवार दुपारी एक ते चार. नोव्हेंबरपर्यंत माझं टेबल ठरलं होतं. पण लॅब नसती तर ते टेबलही नसतं, आणि लॅबसाठी गेले होते म्हणून ते सप्टेंबर सोसलं, नुसती माणसं शोधायला गेले असते तर ऑक्टोबरच्या ब्रेकला परत घरी आले असते.

म्हणून तुला आत्ताच्या एकटेपणावर आत्ताच, तिथेच काहीतरी करायला हवं, अर्ज केलास तरी आणि नाही केलास तरी. काउन्सेलिंग सेंटरची अपॉइंटमेंट घे, यात कमीपणा काही नाही, मीही घेतली होती. त्या अँथ्रोपॉलॉजीच्या सरांना भेट आणि विचार की मला आमच्या सांगलीकडच्या बोलीवर इंडिपेंडंट स्टडी, म्हणजे सरांच्या देखरेखीखाली स्वतंत्र अभ्यास, करता येईल का, कारण ते हो म्हणाले तर हे सेमिस्टर वाया जाणार नाही, आणि अर्जात लिहायला तुझ्याकडे आवडीच्या चार वाक्यांऐवजी स्वतः केलेलं काम असेल.

शनिवारी तुझ्या वेळेने सकाळी दहाला फोन करते. तोवर ती शेड्यूल्सची शीट निम्मी झाली तरी पाठव, आणि एडच्या मेलचा मसुदा आज रात्रीच पाठव, मी वाचून देते. आणि जेवत जा नीट, मेसेजमध्ये तीनदा मॅगी लिहिलंयस.

तुझी,
ताई